बाटलीचा भाव आणि पिंपाचा हिशेब

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात व्हिस्कीची एक बाटली २१ लाख ८७ हजार ५०० पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम बावीस कोटी रुपयांच्या पुढे जाते. स्कॉटलंडमधील मॅकॅलन डिस्टिलरीत १९२६ साली गाळलेली ही व्हिस्की साठ वर्षे पिंपात मुरली आणि १९८६ मध्ये बाटलीत भरली गेली. त्या एका पिंपातून जेमतेम चाळीस बाटल्या निघाल्या. त्यांतल्या बारांना व्हॅलेरिओ अदामी या इटालियन चित्रकाराने लेबल करून दिले होते, आणि लिलावात आलेली बाटली त्या बारांपैकी एक. एवढी किंमत मोजणारा ती उघडून पिण्याची शक्यता किती, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

दारूविषयी लिहायचे तर आधी तिच्या दुष्परिणामांवर चार वाक्ये लिहावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. ती येथे लिहिली आहेत असे समजावे. प्रश्न आहे तो पैशाचा, आणि तो आता आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क करार अमलात येताच ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचे आहे. २०२४ मध्ये भारताने सुमारे १९ कोटी २० लाख बाटल्यांइतकी स्कॉच घेतली. संख्येच्या हिशेबाने जगात ती सर्वाधिक. यातली बरीचशी पिंपांतून आणि टाक्यांतून घाऊक येते व इथेच बाटल्यांत भरली जाते, हे खरे. पण ज्या धंद्याचे आपण सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहोत, त्या धंद्यात भाव कसा ठरतो याची किमान माहिती आपल्याला असायला हवी.

आपल्याकडे डिस्टिलरी म्हटले की साखर कारखान्याच्या मागची, मळीच्या उग्र वासाची इमारत डोळ्यांसमोर येते. तिथे कोणी सहलीला जात नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक मुद्दाम जातात. करोनापूर्वीच तेथील डिस्टिलऱ्यांना वर्षाकाठी होणाऱ्या भेटींची संख्या वीस लाखांवर गेली होती. हा ओघ पाहूनच डियाजिओ या बड्या कंपनीने २०१८ मध्ये व्हिस्की पर्यटनासाठी पंधरा कोटी पौंडांची योजना जाहीर केली. या यात्रेकरूंची पंढरी म्हणजे पश्चिम किनाऱ्याजवळचे एक बेट. त्याच्या नावाचा उच्चार 'आयला' असा होतो. मराठी माणसाने तो चारचौघांत जरा जपूनच करावा. जेमतेम तीन हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटावर लॅफ्रॉएग, लॅगाव्हुलिन, आर्डबेग, बोमोर अशा जगभर नाव असलेल्या डिस्टिलऱ्या आहेत. केनाक्रेगच्या धक्क्यावरून बोटीने सुमारे दोन तासांत तिथे पोहोचता येते. समुद्राकडे तोंड केलेल्या पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या ठसठशीत अक्षरांत रंगवलेली नावे आणि हवेत पीटचा, म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेल्या मातीच्या धुराचा वास. या धुरावर बार्ली वाळवतात आणि तोच वास पुढे पेल्यात उतरतो.

पर्यटकाला तांब्याच्या चकचकीत भट्ट्या दाखवतात, छायाचित्रेही त्यांचीच निघतात. धंद्याचे मर्म मात्र मागच्या गोदामात असते. भट्टीतून निघणारा मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. ओकच्या पिंपात आणि स्कॉटलंडच्या भूमीवर किमान तीन वर्षे मुरल्याखेरीज त्याला कायद्याने स्कॉच म्हणता येत नाही. चांगल्या मालाला दहा, बारा, अठरा वर्षे लागतात. या काळात दरवर्षी सुमारे दोन टक्के माल उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. थोडक्यात, आज भट्टी पेटवणाऱ्याला बारा-पंधरा वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची तहान आजच ओळखावी लागते. कांदा उत्पादकाचा अंदाज चार महिन्यांत चुकतो. इथे चूक कळायलाच दीड दशक जाते.

अशी चूक १९७० च्या दशकात झाली. मागणी वाढतच राहणार या भरवशावर भट्ट्या अहोरात्र चालल्या. पुढे मंदी आली, तरुण पिढी व्होडका आणि वाइनकडे वळली आणि गोदामांत न खपलेल्या मालाचे ढीग साचले. त्या साठ्याला 'व्हिस्कीचे तळे' असेच नाव पडले. तेव्हाच्या डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडने १९८३ मध्ये एकामागून एक डिस्टिलऱ्यांना टाळे ठोकले. आयला बेटावरची पोर्ट एलन त्यातच गेली, उत्तरेकडची ब्रोराही गेली. त्या काळी या दोन्ही ठिकाणचा माल मुख्यत्वे मिश्र व्हिस्कीत खपत असे आणि स्वतंत्र नावाने तो मागणारे फार थोडे होते.

यानंतर जे घडले ते बाजारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. बंद पडलेल्या पोर्ट एलनची पिंपे गोदामांत मुरत राहिली. २००१ पासून मालक कंपनीने दरवर्षी थोड्या बाटल्या बाजारात आणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी बाटलीचा भाव शंभर पौंडांच्या आसपास होता. पंधरा वर्षांत तो दोन हजार पौंडांवर गेला. माल तोच, भट्टी बंद, साठा मात्र दरवर्षी घटता. ज्या अतिरिक्त उत्पादनामुळे डिस्टिलरी मेली, तेच उत्पादन तिच्या मरणामुळे दुर्मीळ ठरले! संग्राहक चवीचे पैसे देत नव्हते असे नाही, ती व्हिस्की उत्तम होतीच. पण भाव वर चढवला तो टाळ्याने. हे कंपन्यांनाही उमगले. ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९९३ मध्ये बंद पडलेली रोझबँकही २०२४ मध्ये पर्यटकांना खुली झाली.

आणि नेमक्या याच सुमारास वारे फिरले. लिलावांतील भाव उतरू लागले, अमेरिकी शुल्काचे ओझे वाढले, आणि २०२५ मध्ये काही डिस्टिलऱ्यांनी उत्पादन कमी केले किंवा काही काळ थांबवलेही. तळे पुन्हा भरते आहे काय, असा प्रश्न स्कॉटलंडमध्ये आता उघडपणे विचारला जातो.

वाइनच्या संग्राहकांनी हे चक्र आधीच अनुभवले आहे. हाँगकाँगने फेब्रुवारी २००८ मध्ये वाइनवरील शुल्क रद्द केले आणि चिनी पैसा बोर्दोकडे धावला. शातो लाफीत या विख्यात घराण्याने २००८ च्या बाटलीवर आठचा चिनी आकडा कोरणार असल्याचे जाहीर करताच भाव उसळला, कारण आठ हा आकडा चीनमध्ये शुभ मानतात. द्राक्षांत काहीच बदल झाला नव्हता. २०११ च्या मध्यानंतर तो फुगा फुटला. २०२२ च्या अखेरीपासून पुन्हा वाइनच्या बाजारात दीर्घ घसरण झाली आणि २०२५ च्या वसंतात बोर्दोच्या मालकांना आदल्या वर्षीच्या वाइनचे भाव खाली आणूनही गिऱ्हाईक शोधावे लागले.

भाव पडणे हा एक धोका झाला. माल खोटा निघणे हा त्याहून मोठा. रूडी कुर्नियावान या तरुणाने अमेरिकेतील धनिकांच्या तळघरांत बनावट बर्गंडी भरली. २००६ मधील एकाच लिलावात त्याच्या संग्रहाला सुमारे २ कोटी ४७ लाख डॉलर आले होते. त्याचे बिंग फुटायला कारण ठरला तो एक साधा हिशेब. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पोन्सो घराण्याच्या 'क्लो सँ-दनी' या वाइनच्या १९४५ ते १९७१ या काळातील बाटल्या आल्या. घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवात केली १९८२ मध्ये! घराण्याचे प्रमुख लोराँ पोन्सो स्वतः लिलावाला हजर राहिले आणि बाटल्या मागे घेतल्या गेल्या. कुर्नियावानला २०१२ मध्ये अटक झाली आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा. लाखो डॉलर मोजणाऱ्या जाणकारांना जे कळले नाही, ते त्या मळ्याच्या धन्याला तारीख वाचताच कळले.

व्हिस्कीतही हेच. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले. ते बार्लीत उतरले आणि बार्लीतून दारूत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील म्हणून विकलेल्या बाटलीत हा कार्बन सापडला की सोंग उघडे पडते. स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या संशोधन केंद्राने २०१८ मध्ये दुय्यम बाजारातील ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या. त्यांपैकी २१ बनावट किंवा सांगितलेल्या सालच्या नसलेल्या निघाल्या.

तरीही बाटलीचे संग्राहक बहुधा श्रीमंत असतात. बुडाले तर त्यांच्यासाठी कोणी फारसे हळहळत नाही. चिंतेची बाब आहे ती पिंपांच्या विक्रीची. भाव चढे असताना ब्रिटनमध्ये 'एक पिंप घ्या, दहा वर्षे विसरा, दुप्पट-तिप्पट घ्या' असे सांगणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. निवृत्तीची पुंजी लोकांनी त्यांत घातली. मार्च २०२५ मध्ये बीबीसीने केलेल्या तपासात काही पिंपे एकाहून अधिक जणांना विकल्याचे, तर काहींसाठी अवाच्या सवा दाम लावल्याचे उघड झाले. लंडन शहराचे पोलीस तीन कंपन्यांची चौकशी करीत असल्याचेही तेव्हाच समोर आले. गुंतवणूकदाराच्या हाती बहुतेक वेळा एक नक्षीदार प्रमाणपत्र असते. त्याला मालकीचा पुरावा म्हणून काही किंमत नाही. पिंप मुरते ते सरकारी देखरेखीखालील गोदामात, आणि मालकी बदलते ती विक्रेत्याने गोदामाला दिलेल्या 'डिलिव्हरी ऑर्डर'ने. गोदामाच्या वहीत आपले नाव लागले नसेल, तर सातबारा न पाहता जमीन घेतल्यासारखेच ते. आयलाला जाऊन गोदामात डोकावणाऱ्या पर्यटकाला निदान पिंपावरचा क्रमांक, साल आणि डिस्टिलरीचे नाव डोळ्यांनी दिसते. हे पिंप विकणारे बव्हंशी दूरध्वनीवरूनच बोलतात.

आपल्याकडे हा शौक वाढण्याला कायद्याचीच वेसण आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून मद्य बाळगायला परवाना लागतो आणि किती बाळगावे यालाही मर्यादा आहे. केंद्राचे शुल्क उतरले तरी राज्याचा अबकारी कर राज्याच्याच हाती राहणार, तेव्हा करारामुळे दुकानातली बाटली निम्म्या दरात मिळेल अशी आशा कोणी धरू नये. खाली येईल तो भाव रोजच्या पिण्याच्या बाटलीचा. लिलावातल्या बाटलीशी त्याचा संबंध नाही, हे नव्याने या बाजाराकडे पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, कारण विकणारे दोहोंची सरमिसळ करणारच.

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी पाहायला आता पर्यटक जातात. तिथल्या उष्म्यात देवदूतांचा वाटा स्कॉटलंडच्या कित्येक पट असतो. व्हिस्की काही वर्षांतच तयार होते आणि साठ वर्षे ठेवायची म्हटले तर पिंपात काही उरणारच नाही. बंगळुरूच्या अमृतचीही तीच गत. या कंपन्यांना वयाचा आकडा दाखवून भाव मागता येत नाही. जगभरच्या जाणकारांनी त्यांची व्हिस्की वाखाणली ती पेल्यातल्या चवीवर.

पोर्ट एलनच्या नव्या भट्टीतून २०२४ मध्ये निघालेल्या मद्यार्काला स्कॉच म्हणवून घेण्यास २०२७ साल उजाडावे लागेल. २००१ मध्ये विकलेल्या त्या पहिल्या बाटलीतल्या व्हिस्कीइतके, म्हणजे बावीस वर्षांचे वय गाठायला २०४६. तोवर आयलाच्या गोदामांत एकूण किती पिंपे साचलेली असतील, यावर तिचा भाव ठरेल.