नुसता एक फोन

"पैसे दिले का कुणाला? नुसता एक फोन केला." हे मी इतक्या भल्या माणसांकडून ऐकलंय की त्यांच्याशी भांडण्याआधी स्वतःचाच कबुलीजबाब द्यायला हवा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ त्या कचेरीत होते. मीही फोन लावला. बाकावर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घट्ट धरून म्हातारीकोतारी बसली होती. त्यांना ओलांडून आत गेलो, चहा घेतला आणि बाहेर पडताना त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

ओळख म्हणजे लाच नाही आणि त्यात कुणाचं काही जात नाही, असं म्हणतात. टेबलामागे माणूस एकच असतो. माझी फाइल वर आली तेव्हा कुणाची तरी खाली गेली. पण हे नुकसान त्यातल्या त्यात किरकोळ.

मोठं नुकसान कळायला वारसनोंदीच्या फेरफाराला वेळ का लागतो ते पाहा. तलाठी नोंद धरतो, नोटीस चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवलं जातं, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे 15 दिवस राखलेले असतात त्या वेळी तिथे हजर नसलेल्या माणसासाठी. तो माणूस म्हणजे पुष्कळदा सासरी गेलेली बहीण. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती मेखही काढली. कायद्याने एवढी मजल मारायची आणि फोनवरून आलेल्या "जरा लवकर बघा"ने ती पुसून टाकायची! कारण लवकर उरकायचं तर गाळता येण्याजोगी पायरी एकच उरते, ती म्हणजे गैरहजर माणसाला विचारण्याची. नोटीस कागदोपत्री बजावली जाते, बहिणीचं नाव गळतं किंवा 'इतर हक्क'च्या रकान्यात जाऊन बसतं, आणि भाऊ म्हणतो, घरचंच तर आहे. माझ्या ताईचं नाव लागलं, पण नोटीस तिला कधी मिळालीच नाही. मी तेव्हा याला सोय म्हणत होतो.

"नियमाने जाणाऱ्याचं काम होतं कुठे?" हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे, अर्जाची पोच आहे, नकार दिला तर लेखी कारण आहे, कसूर केली तर 500 ते 5000 रुपये दंड आहे. एवढ्याशा दंडाने कुणाला घाम फुटतो, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पहिलं अपील त्याच खात्यातल्या साहेबाकडे जातं, हेही मान्य. पण "उद्या या"ला कागद नसतो आणि लेखी कारणाला असतो, ही कमाई लहान नाही. कुणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, हे 2005 च्या बदल्यांच्या कायद्यातच लिहिलंय. किती जणांना ठाऊक आहे? ज्यांनी वाचून ते विचारायचं, ते आम्ही लिहितेवाचते लोक फोन लावून आत गेलेलो असतो. रांग बिघडलेली राहते ती आमच्या गैरहजेरीमुळेही.

मग अडल्यानडल्याला हात द्यायचाच नाही का? जरूर द्यावा. बाकावरच्या आजीचा अर्ज लिहून द्यावा, पोच घेतल्याशिवाय उठू नका म्हणावं. त्याने कुणाचीच फाइल खाली जात नाही.

गेल्या वर्षी आईच्या नावावरच्या तुकड्याची वारसनोंद होती. या खेपेला फोन केला नाही. खिडकीमागच्या कारकुनाने कागद न पाहताच विचारलं, "कुणाकडून आलात?" कुणाकडूनच नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. पोच मिळायला पाऊण तास लागला. नवव्या दिवशी ताईचा फोन आला, "अरे, माझ्या नावाने हे कसलं सरकारी पत्र आलंय?"