उसनवारी कोणती आणि चोरी कोणती?

गेल्या पंधरवड्यांत या पत्राच्या काव्यस्तंभाविषयीं आमच्याकडे दोन तक्रारी आल्या. पहिली अशी कीं, आम्हीं छापलेल्या एका विद्यार्थ्याच्या कवितेस केशवसुतांचा वास येतो, सबब ती चोरी आहे. दुसरी अशी कीं, आम्हीं छापलेली एक कविता वस्तुतः दुसऱ्याच एका हयात कवीची असून, शेवटच्या कडव्यांतील दोन शब्द व वरचें नांव एवढेंच बदललेलें आहे. दोन्ही तक्रारी आम्हीं तपासल्या. पहिली आम्ही फेटाळीत आहों. दुसरी खरी ठरली. तीबद्दल मूळ कवीची व वाचकांची आम्ही क्षमा मागतों. परंतु दोन्ही तक्रारदारांनीं एकच शब्द वापरावा, हें आम्हांस अधिक विचारार्ह वाटतें.

नांव बदलणाराची वकिली करण्यास एक गृहस्थ कचेरींत आले होते. वाङ्मयावर मालकी सांगणें ही विलायती कल्पना, आमच्याकडे विद्या सर्वांची, असा त्यांचा युक्तिवाद. स्वदेशाभिमानाचें हें पांघरूण आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तुकोबांच्या हयातींतच सालोमालो हा संतांचीं वचनें मोडूनतोडून आपल्या नांवावर खपवीत असे, आणि त्याच्यावर संतापून रचलेले अभंग गाथेंत आजहि आहेत. विलायती धर्तीचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा या देशांत 1914 सालीं आला व स्वतंत्र भारतानें आपला कायदा 1957 सालीं केला. तुकोबांची फिर्याद त्याच्या अडीचशेंहून अधिक वर्षें आधींची आहे. अभंगांतील नाममुद्रा हें त्या काळचें खरेदीखतच होतें, व सालोमालोनें नेमका हात घातला तो त्याच ठिकाणीं.

आणि हेच तुकोबा आपले बोल म्हणजे संतांच्या पंक्तींतील उरलेसुरलें असें सांगतात. काव्याची आज्ञा नामदेवानें स्वप्नांत दिली म्हणतात! यांत विसंगति आहे काय? आमच्या मतें नाहीं. ऋण कबूल करणारा देणेकरी, आणि खतावरचें नांव खोडणारा चोर. दोघांस एका कोठडींत घालणारा न्यायाधीश आम्हीं अद्यापि पाहिलेला नाहीं.

आमच्या साहित्यशास्त्रानेंहि या प्रश्नाचा खल केलेला आहे. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें दोन काव्यांच्या साम्याचे तीन प्रकार मानिले: प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, व दोन जिवंत माणसांच्या चेहऱ्यासारखें. पहिलीं दोन टाकावीं, तिसरें टाकूं नये, असा त्याचा निकाल. त्याच्या मागून आलेल्या राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त हरणाचे भेद-प्रभेद अध्यायामागून अध्याय मांडिले. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचें मतहि त्यानें नोंदविलें आहे. मूळ कवि अप्रसिद्ध आणि आपण प्रसिद्ध असूं, तर घेणें क्षम्य ठरावें, असा तिचा कल दिसतो. बाईंच्या विद्वत्तेबद्दल पूर्ण आदर राखून येथें आम्ही त्यांच्याशीं असहमत आहों. अप्रसिद्ध कवीजवळ नांवाखेरीज असतेंच काय?

सर्वोच्च न्यायालयानें 1978 सालीं आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, कल्पना वा विषय यांवर कोणाची मालकी नाहीं. दोन्ही कृति पाहणाऱ्यास दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असें निःसंशय वाटलें पाहिजे. फिर्यादी तो खटला हरला, कारण त्याचें नाटक व प्रतिवादीचा बोलपट यांत विषय सारखा होता, पण मांडणी निराळी होती. कायद्याचें संरक्षण कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतें. त्यानंतर त्याची कविता कोणीहि छापावी. पण मुदत संपली म्हणून तीखालीं स्वतःचें नांव घालण्याची सनद कोणास मिळत नाहीं.

मोरोपंतांनीं अख्खें महाभारत आर्येंत आणलें, आणि आमच्या राजापूरच्या गंगेवरहि काव्य केलें. व्यासाचें धन लुटलें असें त्यांस कोणी म्हणत नाहीं, कारण व्यासाचें नांव त्यांनीं लपविलें नाहीं. अत्र्यांनीं 1925 च्या 'झेंडूच्या फुलां'त केशवसुतांचें विडंबन केलें, तें तर वाचकानें मूळ ओळखावें म्हणूनच. चोरास मात्र ओळखीचीच धास्ती असते.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. अर्जुनेचें पाणी बाजारपेठेंत शिरल्यावर दुकानाच्या पायरीवर भिजल्या हिशेबवह्या उलगडीत बसलेला बाप त्यानें रंगविला आहे. बोलण्याची ढब केशवसुतांची आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. मालगुंड याच जिल्ह्यांत आहे, आणि विसाव्या वर्षीं मुलानें कोणाच्या तरी ढबीनें बोलावयाचेंच. परंतु तो बाप केशवसुतांच्या कवितेंत कोठेंहि नाहीं. अशा मुलास चोर म्हटल्यानें चोरी थांबत नाहीं, फक्त एक लिहिणारा हात थांबतो. उलट भ्रमणध्वनीवरून रोज फिरणाऱ्या कवितांखालचें नांव कोण कापतो, याची चौकशी आम्हांपैकीं किती जण करितात? शाळांच्या संमेलनांत कविता म्हणण्याआधीं कवीचें नांव उच्चारण्याचा नियम शिक्षकांनीं याच वर्षीं घालावा, त्यास खर्च कांहींच नाहीं.

आमच्यापुरतें म्हणाल, तर यापुढें अनुवादावर व रूपांतरावर मूळ कवीचें नांव दिल्याशिवाय तें छापलें जाणार नाहीं. त्या दुसऱ्या कवितेचें मानधन मूळ कवीकडे रवाना झालें आहे. नांव बदलणाऱ्या लेखकास खुलासा विचारला असून त्यांचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. आल्यास तें याच जागीं, त्यांच्याच नांवानें, छापूं.