कारंजी फुकट, बाकी हिशेबात

भारतातून आई-वडील आले की त्यांना लास व्हेगस दाखवायचं, हा आम्हा कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचा जवळजवळ कुलाचार झाला आहे. मीही गेल्या वर्षी तो पाळला. लॉस एंजेलिसजवळच्या घरून पहाटे निघालो, डब्यात थालीपीठं, आणि मोहावीच्या वाळवंटातून चार-पाच तासांचा रस्ता.

संध्याकाळी स्ट्रिपवर फिरलो. निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर, व्हेनेशियनमध्ये रंगवलेल्या आकाशाखालचा कालवा आणि त्यातल्या होड्या, महागडी दुकानं, आणि बेलाजिओची १९९८ पासून नाचणारी कारंजी. आई एकदम खूश. बाबा निवृत्त बँक कॅशियर. टाळ्या वाजवून झाल्यावर म्हणाले, “हे फुकट दाखवणं यांना परवडतं कसं रे?”

थोडं उत्तर आमच्या बिलात होतंच. खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’, पार्किंगचे वेगळे. खोल्या, खाणं, शो यांतूनच आज स्ट्रिपवरची मोठी हॉटेलं निम्म्याहून जास्त कमावतात. पण नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला नसता, तर हे शहर असं उभं राहिलंच नसतं. आमच्या लिफ्टकडे जायची वाटसुद्धा स्लॉट मशीनच्या रांगांमधूनच होती.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हणून या मशीनबद्दल लिहितो. बटण दाबलं की त्याच क्षणी प्रोग्रॅम एक आकडा उचलतो आणि निकाल लागतो. नंतर गरगर फिरतात ती चाकं म्हणजे निव्वळ देखावा. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. चाकावर चित्रं मोजकीच दिसतात, पण प्रोग्रॅममध्ये त्यांच्यासाठी कितीतरी जास्त घरं ठेवता येतात आणि मोठ्या बक्षिसाच्या वाट्याला त्यातली अगदी थोडी येतात. ‘अरे, थोडक्यात हुकलं!’ असं वाटतं ना, ते वाटावं अशीच मांडणी करता येते.

आता हिशेब. समजा मशीन दर डॉलरमागे सरासरी १० सेंट ठेवून घेतं. ऐकायला फार नाही. पण मिनिटाला १० वेळा एक-एक डॉलर लावला, तर तासात ६०० डॉलर फिरतात आणि सरासरी ६० जातात. रुलेटमध्ये एक आकडा लागला तर ३५ पट मिळतात, पण दोन शून्यांच्या चाकावर घरं ३८ असतात. म्हणजे दर शंभरामागे सव्वापाच डॉलर कॅसिनोचे. यात लबाडी कुठेच नाही, आणि तशी गरजही नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी पहिली नोकरी लागल्यावर मित्रांबरोबर आलो होतो, तेव्हा एका रात्रीत ८०० डॉलर घालवले. पहिले दोनशे मजेत, पुढचे सहाशे ते दोनशे परत मिळवायला. त्या महिन्यात घरी पैसे पाठवले नाहीत, टॅक्स भरावा लागला असं सांगितलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजही जिंकलेल्याच स्क्रीनचे फोटो येतात, हरलेल्याचा मी एकही पाहिलेला नाही. आणि ‘एंटरटेनमेंटचं बजेट’ म्हणत खेळायला बसणाऱ्यांनी एटीएमकडे दुसरी फेरी मारली की ते बजेट उरत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्या आई-वडिलांनो, मुलं स्ट्रिप दाखवतील तेव्हा जरूर बघा, कारंजी सुंदरच आहेत. पण असा प्रश्न त्यांना विचारा.

त्या रात्री खोलीत मी बाबांना ते ८०० डॉलर सांगितले. आई काहीच बोलली नाही, थालीपीठाचा डबा आवरत राहिली. बाबांनी चष्मा काढून ठेवला.

“नोव्हेंबर होता तो,” ते म्हणाले. “तुमच्याकडे टॅक्स एप्रिलमध्ये भरतात ना?”

मग सकाळी हूवर धरणाला किती वाजता निघायचं, ते विचारलं आणि दिवा मालवला.