चार ओळींचे चरित्र

थोरांची चरित्रे जाडजूडच असावयाची, हा संकेत एका इंग्रज शाळकरी मुलाने मोडला. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत असता, वयाच्या सोळाव्या वर्षी, एडमंड क्लेरिह्यू बेंटले याने हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञावर चार ओळींचे गमतीदार पद्य रचले. पुढे १९०५ साली अशा पद्यांचे पुस्तकच निघाले; त्याला चित्रे काढली ती शाळासोबती चेस्टरटन यांनी. बेंटलेच्या मधल्या नावावरून या प्रकारास 'क्लेरिह्यू' म्हणतात.

नियम सोपे आहेत. पहिल्या ओळीच्या अखेरीस व्यक्तीचे नाव, दुसरीचे यमक त्या नावाशी, तिसरी-चौथीचे आपसांत. मात्रांचे बंधन नाही. ओळी लांब-आखूड झाल्या तर मौज वाढतेच. आमचाच एक प्रयत्न पाहावा :

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे
काढीत राहिले वर्तमानपत्रे;
किती जणांची केली फजिती,
मोजू म्हटले तर चुकते गणती.

'नवयुग' आणि 'मराठा' ज्यांनी वाचले असतील, त्यांना अधिक सांगणे नको.

हा खेळ आपल्याला परका मात्र नाही. नाव आणि यमक यांची सांगड आपल्या स्त्रियांनी उखाण्यात केव्हाच घातली आहे. क्लेरिह्यूत नाव आरंभीच येते. उखाण्यात ते बहुधा दुसऱ्या ओळीपर्यंत राखून ठेवतात, आणि सारे माजघर तेवढ्यासाठी कान टवकारून बसते.

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या गावी या खेळाचे मोल निराळे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. तामसीचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा हलली, घरे जागीच राहिली. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू वा इंग्रजी, अशा वातावरणातले मूल 'जेवायला वाढ', 'दार लाव' एवढे मराठी सहज बोलते. थट्टेला मात्र तेवढी शिदोरी पुरत नाही. 'काका'ला यमक शोधू लागले की 'नाका' चटकन सापडतो; 'बाका' प्रसंग म्हणजे कोणता, हे विचारायला आजीकडेच जावे लागते. आम्हांस वाटते, भाषा घरात टिकते ती उपदेशाने नव्हे, अशा विचारण्याने.

पथ्य एकच पाळावे. ज्याच्यावर पद्य रचले, त्याने ते स्वतः चारचौघांत हौसेने वाचून दाखवावे, इतकीच थट्टा असावी. काकांच्या घोरण्यावर लिहावे, कर्जावर लिहू नये. आत्याच्या विसरभोळेपणावर लिहावे, रंगरूपावर नको.

घरात कुणाचा वाढदिवस जवळ आला असेल, तर बाजारच्या भेटकार्डाऐवजी मुलांकडून अशा चार ओळी लिहून घ्याव्यात. शुद्धलेखन मागाहून तपासता येईल.