तीनदा बिघडलेला गिअरबॉक्स

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या पेढीकडे २००२ सालची आयात केलेली मर्सिडीज आहे. धाकटे बंधू हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त हाँगकाँगला होते. कायमचे परतताना त्यांनी ती सोबत आणली. वृद्ध मातोश्रींना बाहुबलीला दर्शनास नेण्यासाठी घरात तीच गाडी सोयीची. मात्र गेल्या दोन वर्षांत तिचा स्वयंचलित गिअरबॉक्स तीनदा बिघडला. पहिल्या वेळी तो पूर्ण उघडून दुरुस्त केला. दुसऱ्या वेळी वापरलेला पण सुस्थितीतला दुसरा मागवून बसवला. सहा महिने होतात न होतात तोच जुनीच लक्षणे पुन्हा दिसू लागली. ताशी साठ-सत्तरच्या स्थिर वेगाला गाडी गतिरोधकांच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरे, आणि एखाद्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून बसे.

तेव्हा जुन्या गाड्यांच्या एका दलालाने व्यवहारी तोडगा सुचवला. तेल बदला, जुजबी दुरुस्ती करा, चार-सहा महिने गाडी उत्तम चालेल. तेवढ्यात विकून मोकळे व्हा. थोरल्या बंधूंनी तो नाकारला. ‘दोष ठाऊक नसताना विकणे वेगळे आणि ठाऊक असून झाकून विकणे वेगळे,’ एवढेच ते म्हणाले. हलका माल चांगला म्हणून खपवणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला जातो, आणि पेढीवर हळदीच्या पोत्याला जो नियम तोच गाडीलाही लावावा, असे त्यांचे मत. दोष नेमका कोणता हे मात्र त्यांनाही सांगता येत नव्हते. ते शोधणे भाग होते.

या गाडीतील गिअरबॉक्स ७२२.६ या क्रमांकाने ओळखला जातो. १९९६ च्या सुमारास आलेला, पाच गतींचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. यंत्र मुळात दणकट. पुढे इतर काही कंपन्यांच्या गाड्यांतही ते वापरले गेले. आरंभी त्यातील तेल आयुष्यभर बदलावे लागणार नाही असे सांगितले जाई. तेल मोजण्याच्या नळीला टोपण होते, पण आत मोजपट्टीच नव्हती. नंतर कंपनीनेच तेलबदलाची शिफारस केली. तथापि आयुष्यभर हा शब्द अनेक मालकांच्या आणि कारागिरांच्या मनात घट्ट बसला तो बसलाच.

नवा कारागीर वयस्क होता. त्याने गाडीखाली शिरण्याआधी तिन्ही दुरुस्त्यांची बिले मागितली आणि तारखेनुसार लावली. रोजमेळ जुळेना म्हणून कोणी मुनीम वही फेकून नवी आणत नाही. कोणत्या नोंदीपासून फरक पडला ते पाहतो. येथे दोन वेळा वहीच बदलली गेली होती. बिलांत गिअरबॉक्स, क्लचच्या चकत्या, टॉर्क कन्व्हर्टर सारे होते. रेडिएटरचा उल्लेख कुठेच नव्हता.

ही उणीव महत्त्वाची होती. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल नळ्यांतून पुढे जाऊन थंड होते, आणि या गाडीत ते थंड करणारा छोटा कूलर रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतच बसवलेला असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे पाणी व त्यातील ग्लायकॉल, मध्ये फक्त धातूची भिंत आणि सांधे. वयोमानाने सांधा चिरला की पाणी व ग्लायकॉल तेलात शिरते. टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचचे अस्तर कागदासारख्या तंतुमय द्रव्याचे, गोंदाने चिकटवलेले. ग्लायकॉल नेमके त्यावरच आघात करते. अस्तर सैल झाले की ते नीट पकडत नाही, पकडते-सुटते, आणि तीच ती थरथर. गळती अल्प असेल तर तेल दुधाळ दिसेलच असे नाही. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहून निर्णय करू नये. तेलाचा नमुना तपासणीस पाठवला तेव्हा त्यात ग्लायकॉल आढळले. नवा गिअरबॉक्स बसवला तरी जुना रेडिएटर त्यालाही तेच पाजत होता!

दुसऱ्या गिअरमध्ये अडकण्याचे कारण मात्र निराळे निघाले. नियंत्रकाला चुकीचा संकेत मिळाला की यंत्र वाचवण्यासाठी तो गाडी एकाच गिअरमध्ये ठेवतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधी कधी ती पूर्ववत होते. गिअरबॉक्सच्या आतील विद्युत पट्टीवर वेगाचे संवेदक असतात, आणि तिची तार जेथून बाहेर येते त्या तेरा पिनांच्या जोडणीची रबरी कडी कडक होऊन तेल पाझरते. ते तेल केशाकर्षणाने तारांच्या आतून वर चढत थेट नियंत्रकाच्या पेटीपर्यंत पोहोचते. येथेही पेटीत तेल सापडले. आधीच्या कारागिरांनी संगणकातील दोषसंकेत वाचण्याऐवजी पुसले होते. पुसलेल्या नोंदीतून काय शोधणार?

मग काम क्रमाने झाले. रेडिएटर नवा बसवला आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी त्यापासून वेगळा कूलर लावला. नळ्या धुऊन काढल्या. कारण मोडलेल्या यंत्राचा चुरा त्यांत साठून नव्या यंत्राचाही घात करतो. टॉर्क कन्व्हर्टर बदलला, तेलाची जोडणी आणि विद्युत पट्टी बदलली, पेटी स्वच्छ केली. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरले आणि त्याची पातळी तेल ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर मोजली. थंड असताना मोजल्यास ती फसवते: कमी असेल तर चकत्या घसरतात, जास्त असेल तर फेस होतो.

एक हजार किलोमीटरनंतर तेलाचा नमुना पुन्हा तपासला. ग्लायकॉल आढळले नाही, थरथरही नाही. दोन्ही अहवाल आणि तिन्ही दुरुस्त्यांची बिले आता एका फाइलमध्ये लावून गाडीत ठेवली आहेत. गाडी विकायची की ठेवायची याविषयी दोघा बंधूंचे अजून एकमत झालेले नाही.