आधी वात, मग वास

दिवाळीला दोन महिने उरले की आमच्या बचत गटातल्या बायका एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "मॅडम, झाकण उघडलं की घमघमाट येतो, पण पेटवली की वासच नाही. तेल वाढवू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. तेल आहे तेवढंच राहू द्या, वात बदला. आणि बदललेली वात तळापर्यंत जाळून पाहिल्याशिवाय एकही मेणबत्ती विकायला ठेवू नका.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून सोया मेणाच्या मेणबत्त्या शिकवते. हल्ली गावोगावी असे वर्ग निघाले आहेत. दोन तासांत मेण वितळवायचं, रंग घालायचा, वर गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या पेरायच्या आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. त्या दोन तासांत वातीबद्दल एवढंच सांगतात की ती मधोमध सरळ उभी राहिली पाहिजे. हे मला अजिबात मान्य नाही. पैसे घेऊन आग लावण्याची वस्तू करायला शिकवायचं आणि आगीचा भाग तेवढा वगळायचा, हे चुकीचं आहे.

सोयाबीन आमच्या भागाला नवं नाही. गटातल्या निम्म्या जणींच्या शेतात ते असतं. त्याच्या तेलावर निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन चढवला की ते घट्ट होतं. वनस्पती तूप बनतं ते याच प्रक्रियेने. मेणबत्तीसाठी हे मेण प्रथम अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल रिचर्ड्स यांनी पुढे आणलं. मधमाशीचं मेण महाग पडतं म्हणून ते स्वस्त पर्याय शोधत होते. हे मेण म्हणजे गोठवलेली चरबीच. ती साधारण पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पण वितळल्यावरही पॅराफिनपेक्षा दाट राहते. दाट द्रव वातीतून सावकाश चढतो. म्हणून बाजारातल्या साध्या पांढऱ्या, म्हणजे पॅराफिनच्या, मेणबत्तीची वात सोयात घातली की उपाशी राहते. ज्योत बारीक होते, मध्ये खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं.

आता वासाकडे या. ज्योतीतून वास येतो असं बहुतेकांना वाटतं, पण ज्योतीत गेलेलं सुगंधी तेल जळून जातं. मेणाची वाफच जळते हे मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना १८६०-६१च्या नाताळात मेणबत्तीवरच्या व्याख्यानांत दाखवून दिलं होतं. नाकापर्यंत येतो तो वास ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडालेला. तळं रुंद असेल, पुरेसं गरम असेल, तर खोली भरते. वात बारीक असेल तर तळंच होत नाही. ती फार जाड असली तर तेल वर ओढून जाळते आणि वासाऐवजी काजळी देते.

मग तेल वाढवल्याने काय होतं? बहुतेक सोया मेणं वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत तेल धरतात, आणि काही त्याहून कमीच. दोनशे ग्रॅम मेणाला बारा ते सोळा ग्रॅम पुष्कळ झालं, तेही वजनकाट्यावर मोजलेलं, चमच्याने नव्हे. त्यापुढे घातलेलं तेल मेणात मुरत नाही. ते पृष्ठभागावर घामासारखं फुटतं किंवा तळाशी उतरून बसतं, वातीत शिरून तिचा श्वास कोंडतं. मेणबत्ती संपत आली की तळाचं तेल एकदम पेट घेऊ शकतं. स्वयंपाकघरातला केवड्याचा इसेन्स किंवा गुलाबपाणी घालणाऱ्याही मला भेटतात. मेणात पाणी मिसळत नाही. वात तडतडते आणि विझते.

वात सुद्धा घरात आहे ती लावायची नसते. फुलवातीचा कापूस तुपाच्या निरांजनात सुंदर जळतो, पण मेणात तो विस्कटतो. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात काढली. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तापलेल्या भागात जातं आणि तिथेच राख होतं. नुसत्या पिळाच्या सुताला तसं वाकता येत नाही, म्हणून त्याच्या टोकाला कोळशाचा गोळा धरतो. वनस्पतिज मेणासाठी सपाट विणीच्या वाती मिळतात. काहींत सुताबरोबर बारीक कागदी तंतू विणलेले असतात, त्याने वात ताठ राहते. वातींच्या एकाच मालिकेतला आकडा वाढला की वात जाड, एवढं लक्षात ठेवा. दोन मालिकांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून पाहू नका.

खरं काम यानंतरचं. एकाच मापाचे तीन ग्लास घ्या, एकच मेण, एकच सुगंध, आणि लागोपाठच्या तीन आकड्यांच्या वाती. तेल मेणात ऐंशी ते पंच्याऐंशी अंशांना घाला, दोन मिनिटं संथ ढवळा, साठ अंशांच्या आसपास ओता. मग दोन आठवडे हात लावू नका. सोयाला मुरायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी पेटवून दिलेला निकाल खोटा असतो. नंतर वात पाच मिलिमीटर ठेवून कापा आणि चार तास जाळा. दर तासाला तळ्याची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा. विझवा, गार होऊ द्या, पुन्हा जाळा, अगदी शेवटपर्यंत.

इथेच बहुतेक जणी फसतात. पहिल्या वेळी तळं कडेपर्यंत पोचलं नाही की घाईने जाड वात निवडतात. पण मेणबत्ती अर्ध्यावर आली की काचेच्या भिंती उष्णता कोंडतात आणि तीच वात तळं कडेला नेते. वर बरोबर वाटलेली जाड वात खाली जाऊन ज्योत नाचवते, काच हात लावू देत नाही, कड काळी पडते. म्हणून पहिल्या चार तासांत कडेला बोटाच्या पेरभर मेण राहिलं तर राहू द्या. मी वही मागते ती यासाठी. ज्या मेणबत्तीच्या वहीत फक्त पहिल्या दिवसाची नोंद आहे, ती मेणबत्ती मी प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवू देत नाही.

पुरवठादारांचे तक्ते आंधळेपणाने वापरू नका असंही मी सांगते. ते बहुतेक थंड, वीस-एकवीस अंशांच्या खोलीत तपासलेले असतात. आमच्याकडे मेमध्ये चाळीसच्या वर पारा जातो. गरम हवेत मेण लवकर वितळतं, मग तक्त्यातल्यापेक्षा एक माप बारीक वात पुरते. शिवाय पंखा. आपल्याकडे तो चालूच असतो, आणि वाऱ्यात हलणारी ज्योत काजळी धरते. चाचणी पंखा बंद करून, दार लोटून करा. वास तपासताना स्वतःच्या नाकावर विसंबू नका. दिवसभर मेणात काम केलेल्या नाकाला तो सुगंध कळेनासा होतो. शेजारच्या वहिनींना हाक मारा, त्यांनी बाहेरून खोलीत यायचं आणि मगच बोलायचं.

"सोया आहे, म्हणून धूर होत नाही" असं पाटीवर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. चुकीची वात घातली तर कुठलंही मेण धुरकटतं, शेतातून आलेलं असो की खनिज तेलातून. करवंटीत ओतलेल्या मेणबत्त्या दिसायला गोड असतात, पण करवंटी स्वतः जळाऊ आहे आणि तिचं तोंड एकसारखं नसतं. वर पेरलेल्या पाकळ्या तर ज्योतीला मिळालेल्या दुसऱ्या वातीच. हे सगळं दिवाळीत, पडद्यांजवळ, लहान मुलं असलेल्या घरात जळणार आहे.

महिला गटांच्या प्रदर्शनांचे संयोजक दुकान मांडू देताना खाद्यपदार्थांचा परवाना विचारतात. मेणबत्तीवाल्यांकडे जाळून पाहिल्याची वही मागायला काय हरकत आहे? आणि विकत घेणाऱ्यांनी भाव करण्याआधी विचारावं: ही तळापर्यंत जाळून पाहिलीत का, किती तास चालली, कोणती वात आहे? उत्तर आलं नाही तर पुढच्या टेबलाकडे जावं. आमच्या गटाच्या डब्याखाली आता तीन ओळी छापलेल्या असतात. दर वेळी वात पाच मिलिमीटरवर कापा, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबा.