कुलूप नेमकं कुठे लावायचं?

कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरताना पहिली पाटी दिसते चपलांची आणि दुसरी 'सेटिंगमध्ये बदल करू नये, दंड आकारला जाईल' ही. चपलांच्या पाटीशी माझं काही भांडण नाही. दुसरीशी आहे, आणि ती थिन क्लायंटच्या लॅबमध्ये लावलेली असेल तर फारच आहे! माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीत भांडायची सवय कमी. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थिन क्लायंट म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिच्यात हार्ड डिस्क नसते. असली तर थोडीशी फ्लॅश मेमरी, तीही नसली तरी चालतं. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि नेटवर्कची वायर जोडायची, खरं काम आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर होतं. मेसच्या भाषेत, चूल एक आणि ताटं चाळीस. अशी पेटी दहा-पंधरा वॅटवर चालते, म्हणजे साध्या डेस्कटॉपच्या मानाने विजेचं बिल अगदीच किरकोळ. खेड्यातल्या शाळेला हे परवडतं, म्हणून तिथे या पेट्या पोचल्या.

केंदूर हे माझं आजोळ. शिरूर तालुक्यात, पाबळच्या शेजारी. वारकऱ्यांना ते कान्हूराज पाठकांचं गाव म्हणून माहीत आहे, बाकीच्यांना पाण्यासाठी वाट बघणारा पट्टा म्हणून. आमचं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर त्याच भागात होतं. तिथल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही, कारण दोष शाळेचा नाही) बारा थिन क्लायंट कापड पांघरून बसले होते. 'सर्व्हर गेलाय,' असं सरांनी सांगितलं. शिपाई मामा म्हणाले, 'सर्व्हर तर रोज गरम होतो की!' मामांचं बरोबर होतं. सर्व्हर ठणठणीत होता. पेट्या सुरू व्हायच्या, पण सर्व्हरला जोडायला गेलं की तुमची आणि सर्व्हरची तारीख जुळत नाही, सर्व्हरची ओळख पटवता येत नाही, असा इंग्रजी संदेश यायचा. पेटीतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. रात्री मेन स्विच बंद केला की पेटीचं घड्याळ काही वर्षं मागे जायचं, आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र तिच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नसायचं! शिक्रापूरहून सीआर २०३२ च्या बारा बॅटऱ्या आणल्या, बसवल्या, तारखा घातल्या. अकरा पेट्या चालू झाल्या. बाराव्या पेटीचं दुखणं वेगळं होतं, ते आम्हाला कळलं नाही.

मग नववीतल्या एका मुलीने विचारलं, 'ताई, याच्यावर मराठी कसं लिहायचं?'

खरं तर हे दोन मिनिटांचं काम. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट घ्यायचा. इनस्क्रिप्ट काही कालचा नाही. भारतीय मानक म्हणून तो १९९१ सालीच ठरला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, शिकायला सोपा. मी तो पेटीवर घेतला, मुलीने स्वतःचं नाव लिहिलं, तिच्या मागे रांग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी गायब! पुन्हा घेतलं, पुन्हा गायब.

याचं कारण राइट फिल्टर. या पेट्यांमध्ये फ्लॅश मेमरीवर एक पडदा असतो. तुम्ही जे बदलता ते सगळं रॅममध्ये, पडद्यावर लिहिलं जातं. पेटी बंद केली की पडदा धुतला जातो आणि पेटी पुन्हा पहिल्यासारखी. सेटिंग कायम ठेवायचं तर ॲडमिन म्हणून आत जायचं, फिल्टर बंद करायचं, पेटी रीस्टार्ट करायची, बदल करायचा, फिल्टर पुन्हा चालू करायचं आणि पुन्हा रीस्टार्ट. क्रम चुकला की मेहनत पाण्यात. आणि ॲडमिनचा पासवर्ड? तो पेट्या बसवणाऱ्या माणसाकडे. त्याचा नंबर लागत नव्हता. सर्व्हरवरच्या विद्यार्थी खात्यालाही कंट्रोल पॅनेल बंद. म्हणजे पेट्या शाळेच्या, वीज शाळेची, मुलं शाळेची, आणि मुलीने मराठीत लिहायचं की नाही हे ठरवणार शाळेबाहेरचा एक माणूस, तेही न ठरवता!

इथेच माझा मुद्दा आहे. ज्या पेटीवर राइट फिल्टर आहे, ती पोराटोरांच्या हातून बिघडेल अशी भीती कशाला? भिंतीचा रंग बदला, रिझोल्यूशन चुकवा, कीबोर्ड जर्मन करा, माऊस डावरा करा. बटण दाबा, पेटी परत जशीच्या तशी. साध्या डेस्कटॉपवर एखाद्या मुलाने चुकीचं काही केलं तर अख्खी विंडोज टाकावी लागते, तिथे पाटी लावलेली मला पटते. पण चुकांमधून शिकण्यासाठी ज्याच्याइतका सुरक्षित संगणक नाही, त्यालाच आपण दंडाची पाटी लावतो. आणि ज्याला खरोखर कुलूप पाहिजे, ती सर्व्हरवरची फाईल आणि तो पासवर्ड, ते कुणाच्या तरी खिशात मोकळं फिरतंय.

केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही तिथली पद्धत. २००२ साली एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. ज्या पट्ट्यात शाळेत न रमलेली मुलं वेल्डिंग आणि वायरिंग शिकून आपल्या पायावर उभी राहू शकतात, तिथे शेजारच्या गावातल्या मुलीला कीबोर्ड बदलायला बंदी, याची संगती मला लागत नाही.

आमच्या लॅबमधल्या काकांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, 'प्रॅक्टिकलच्या दिवशी चाळीस पेट्या उलट्या झाल्या तर एक्स्टर्नलला तू तोंड देणार का?' काकांचा राग खरा आहे. थिन क्लायंटचा गुण तोच त्याचा दोष. सर्व्हरवर एक ओळ चुकली की चाळीस ठिकाणी चुकते. म्हणून सर्व्हरला कुणीही हात लावावा असं मी म्हणतच नाही. पण त्याला उपाय आहे. लिनक्सवर १९९९ पासून एलटीएसपी म्हणून प्रकल्प आहे, २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. त्यात सगळ्या पेट्यांची सेटिंग्ज सर्व्हरवरच्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये राहतात. सगळ्यांसाठी एक विभाग, आणि एखाद्या पेटीला वेगळं काही हवं असेल तर तिच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस चौकटी कंसात लिहून तिच्यापुरता वेगळा विभाग. म्हणजे एकोणचाळीस पेट्या काकांच्या आणि एक पोरांची, हे सहज जमतं. ती एक बिघडली तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

शाळांच्या बाबतीत प्रश्न यंत्राचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, २०१० मध्ये सुधारली. महाराष्ट्रातही 'बूट' पद्धतीचे करार झाले (पायातला नव्हे!). पुरवठादाराने लॅब उभारायची, ठरलेली वर्षं चालवायची आणि मग शाळेला सोपवायची. सोपवताना टेबलं मोजतात, खुर्च्या मोजतात, स्टॅबिलायझर मोजतात. पासवर्ड मोजण्याची वस्तू आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. अशा यादीत खुर्च्यांच्या खाली आणखी तीन ओळी हव्यात: ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे, सेटिंगच्या फाईलची छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून, आणि शेवटचा बदल कुणी, कधी, का केला त्याची वही. खर्च शंभर रुपयांच्या आतला. शाळेला लॅब देणगी देणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही देताना एवढं बघावं. मुळात पेटी गावात पोचण्याआधीच तिच्यात मराठी कीबोर्ड आणि सर्व्हरकडून वेळ घेण्याचं सेटिंग घालून द्यायला काय हरकत आहे? कारखान्यातून ती अमेरिकन इंग्रजी घेऊन येते आणि तशीच म्हातारी होते.

आता आपल्या घरचं. आपल्या लॅबमध्ये खिडकीजवळचं सतरा नंबरचं टर्मिनल गेल्या वर्षापासून प्लास्टिक घालून ठेवलं आहे, कारण त्या टेबलावर बसायला कुणी नसतं. विभागप्रमुख सरांना विनंती, ते आम्हाला द्या. त्याच्यापुरता वेगळा विभाग फाईलमध्ये काकाच लिहितील, आम्ही सर्व्हरच्या खोलीच्या दारातही उभे राहणार नाही. पाटी काढू नका, फक्त तिच्यावर खाली लिहा: 'नंबर सतरा सोडून'.